भरून घेतलेली क्वीन

मे १९८४. खिशातला मोबाइल काढून ठेवा, इथे त्याला रेंज देणारं कोणी नाही. त्या जागी पुठ्ठ्याचं एक छोटं तिकीट येईल, डोंबिवली ते व्ही.टी. आणि परत. तुमचं वय सोळा. दहावीची परीक्षा मार्चमध्ये आटोपली, निकाल जूनमध्ये. मधले दिवस कोणाच्याच मालकीचे नाहीत. तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणणारा इथे मी एकटाच. बाकी सगळे ‘अरे ए’ करतील, वाईट वाटून घेऊ नका.

गणपतीच्या देवळाकडून फडके रोडने स्टेशनची वाट धरा. कोपऱ्यावर दोन काका हातात पिशव्या घेऊन महापालिकेला शिव्या देत उभे आहेत. गेल्या ऑक्टोबरात डोंबिवलीची वेगळी नगरपालिका गेली, कल्याण महापालिका आली, आणि पाटीवरून डोंबिवलीचं नाव उडालं. नळाचं पाणी होतं तेवढंच राहिलं. पलीकडे ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसचा धूर दिसतोय. तिकडे फार बघत बसू नका, फास्ट चुकेल.

सोबत तुमचा मित्र आहे, पलीकडच्या बिल्डिंगमधला. आजच्या मोहिमेचं कारण त्याच्या शर्टाच्या खिशात आहे. त्याचा मामा मस्कतला असतो. मामा सुट्टीवर आला तो एक टू-इन-वन, निडोचा डबा, आत्याला साडी आणि एक कॅसेट घेऊन. कॅसेटवर चार गोऱ्या-सावळ्या माणसांचे चेहरे आणि इंग्रजीत दोन ओळी: क्वीन, ग्रेटेस्ट हिट्स. मित्र ती रात्रभर कोणाला देत नाही. ‘भरून घे आणि संध्याकाळी परत कर,’ एवढीच त्याची उदारता. भरून घ्यायची तर कोरी कॅसेट हवी, आणि चांगली कोरी कॅसेट मनीष मार्केटात मिळते असं दोघांचं ठाम मत आहे.

गाडी आली. चढा. म्हणजे उभे राहा, मागचे चढवतील.

आत गेल्यावर हात वर राहिला तर वरच राहणार, तेव्हा आधीच ठरवून घ्या. दिव्याच्या पुढे गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरते आणि डब्यातलं सगळं बोलणं एका घरघरीत बुडतं. बुडत नाही ती फक्त भजनी मंडळी. खिडकीशी पाच-सहा जण, कपाळाला बुक्का, दोघांच्या हातात टाळ. ढोलकी नाही, एका गृहस्थाने डब्याचा पत्राच ढोलकी केलाय. तळहाताने दोन दणके, मग बोटांनी एक कडकडीत थाप. बाकीचे पायाने ठेका धरतात. त्या थापेकडे नीट लक्ष द्या, मला ती पुढे लागणार आहे.

व्ही.टी.ला उतरलात की थेट मनीष मार्केटला जाऊ नका. मित्राला म्हणा, आधी काळा घोडा. फ्लोरा फाउंटनवरून चालत पंधरा मिनिटं. ऱ्हिदम हाऊसमध्ये शिरायला पैसे पडत नाहीत. आत काचेच्या खोक्यांसारख्या खोल्या आहेत, तिथे उभं राहून माणसं रेकॉर्ड ऐकतात आणि विकत घेणार असल्याचा चेहरा करतात. तुम्ही तसा चेहरा करण्याच्या वयाचे नाही. एलपीच्या खणात हात घाला. मामाच्या कॅसेटवर टपाल तिकिटाएवढा असलेला फोटो इथे बारा इंचांचा आहे. काढलाय लॉर्ड स्नोडनने. इंग्लंडच्या राणीच्या बहिणीचा हा आधीचा नवरा. बँडचं नाव क्वीन, फोटोग्राफर राजघराण्यातला. या लोकांना नेमस्तपणा म्हणून ठाऊक नाही.

चौघांत एक मिशीवाला आहे. त्याच्याकडे बघून ठेवा.

किंमत बघून रेकॉर्ड होती तिथे ठेवा. आता मनीष मार्केट. टीडीकेची साठ मिनिटांची कॅसेट. वेष्टनाची शिवण नखाने तपासा, नकली माल इथे असलीच्याच बाजूला ठेवलेला असतो. घासाघीस मित्राला करू द्या.

दुपारी परत डोंबिवलीत. मानपाडा रोडच्या एका गल्लीत जिन्याखाली दुकान आहे: समोर काउंटर, मागे एकावर एक दोन डेक, भिंतीवर कॅसेटी, आणि दोरीने बांधलेली एक लांबट वही, जिच्यात दुकानदाराने आपल्याकडची झाडून सगळी गाणी हाताने लिहून ठेवली आहेत. गुलाम अली, भीमसेनचे अभंग, बोनी एम, ‘हिरो’. कॅसेट भरायला आलेला माणूस वही चाळतो, नंबर चिठ्ठीवर उतरवतो, दोन दिवसांनी येतो. तुमची सोय वेगळी आहे, तुम्ही अख्खी कॅसेट घेऊन आलाय.

‘साठ की नव्वद?’ दुकानदार विचारतो.

तुम्ही साठ पुढे करता. तो मामाची कॅसेट उलटसुलट करून बघतो, ओठ हलवत बेरीज करतो आणि म्हणतो, ‘बसेल.’

बसते, आणि काय बसते! साठच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. या संग्रहाच्या पहिल्या बाजूला आठ गाणी, एकोणतीस मिनिटं आणि वर काही सेकंद. दुसरीला नऊ गाणी, तीसला मिनिटभर कमी. शेवटचं गाणं मध्येच तुटायचं नाही, आणि कोरी फीत फिरत राहायची नाही. जपानी कॅसेट, इंग्रजी गाणी, मस्कतचा मामा आणि जिन्याखालचा दुकानदार यांनी जणू एकत्र बसून मोजमाप केलंय.

डेकवरचे लाल दिवे नाचू लागतात. जेवढा वेळ गाणी, तेवढाच वेळ भरायला, बसा स्टुलावर. तुम्ही आजच्या काळातून आलाय, तुम्हाला हेही ठाऊक आहे की हिट्सच्या संग्रहाकडे जाणकार नाक मुरडतात. खरा रसिक म्हणे मूळ अल्बम क्रमाने ऐकतो. १९८१च्या ऑक्टोबरात हा संग्रह निघाला तोवर क्वीनचे नऊ स्टुडिओ अल्बम झाले होते. लंडनच्या पोराने ते एकेक करून, खिशाला चटका लावत घेतले असतील, आणि त्याला नाक मुरडायचा हक्क आहे. डोंबिवलीच्या पोराला नऊ अल्बम एका कॅसेटीत हवेत. माझ्या मते हिट्सचा संग्रह असतोच मुळी लांब राहणाऱ्यांसाठी. ज्यांना मैफलीला जाता येत नाही, ज्यांच्या गावी बँड कधी येत नाही, आणि क्वीन तर त्या मिशीवाल्या गायकाच्या, फ्रेडी मर्क्युरीच्या हयातीत भारतात वाजायला आलंच नाही. त्यात काळाचा क्रमही नाही. १९७४चं ‘सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय’, म्हणजे ज्या गाण्याने या बँडला पहिल्यांदा लोकांनी ओळखलं ते, इथे शेवटून तिसरं आहे. आणि सुरुवातीलाच तोफ: ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’.

डेकच्या काचेत फीत फिरताना बघा. १९७५मध्ये हे गाणं चोवीस ट्रॅकच्या टेपवर ध्वनिमुद्रित केलं. कोरसमध्ये आवाज हवेत शंभराच्या वर, आणि गाणारे तीन: फ्रेडी, ब्रायन मे, रॉजर टेलर. चौथा, जॉन डीकन, बास वाजवतो आणि गप्प राहतो. मग उपाय काय? गायचं, काही ट्रॅक एकात उतरवायचे, मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा गायचं, पुन्हा उतरवायचं. फीत यंत्रावरून इतक्यांदा गेली की तिच्यावरचा तपकिरी लेप झिजला आणि ती आरपार दिसू लागली. म्हणजे कॅसेटवरून कॅसेट भरली की खरखर वाढते, ही जी तक्रार तुमचा मित्र रात्री करणार आहे, ती लंडनच्या मंडळींनी आधीच भोगली होती. मस्कत ते मानपाडा हा त्या फितीचा पुढचा टप्पा, इतकंच.

भरून झालं. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन चौकोनी दात आहेत, ते बॉलपेनच्या टोकाने मोडून टाका. मग चुकून कोणी त्यावर सत्यनारायणाची पूजा रेकॉर्ड करणार नाही. दहावीचा अभ्यास संपला असला तरी हे शहाणपण राहू द्या.

संध्याकाळ. तिसरा मजला, गॅलरीत वाळत टाकलेल्या चादरी, आत फिलिप्सचा टेप. हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या, फीत सैल असेल तर पेन्सिल घालून चाक फिरवा. आता दाबा.

सुरुवातीला वाद्य नाही, नुसते गळे. आई स्वयंपाकघरातून बाहेर डोकावते. मग पियानो, मग एक पोरगा आपल्या आईला काहीतरी भयंकर सांगतोय हे शब्द न कळताही कळतं. तुमचे बाबा पेपर वाचत होते, तो त्यांनी मांडीवर ठेवलाय. बाबांच्या कपाटात बालगंधर्वांच्या आणि मास्टर दीनानाथांच्या रेकॉर्डी आहेत, इंग्रजी गाण्याला ते ‘आरडाओरडा’ म्हणतात. तीन मिनिटांनी गाणं अचानक वळतं. झुंडीने माणसं येतात, कोणी खर्जात, कोणी अगदी टिपेला, सवाल-जबाब करू लागतात, आणि मध्येच स्वच्छ ‘बिस्मिल्ला’ ऐकू येतं.

‘हे काय, कव्वाली आहे का?’ बाबा विचारतात.

‘ऑपेरा आहे,’ तुम्ही सांगा. मित्र तुमच्याकडे चमकून बघेल. सोळाव्या वर्षी डोंबिवलीत हा शब्द तुमच्या तोंडी शोभत नाही.

‘म्हणजे संगीत नाटकच की,’ बाबा म्हणतात. आणि पुढे त्यांनी एक फार नेमकं विचारलंय, ते सोडू नका: ‘पण याला ध्रुवपद कुठे आहे?’ नाहीच. जवळपास सहा मिनिटांचं गाणं, आणि फिरून यावं असं ध्रुवपद त्यात नाही. हे लंडनच्या समीक्षकांनी पानंभर लिहिलं. बाबांनी एका ऐकण्यात पकडलं.

आजी जप थांबवून म्हणते, ‘गळा चांगला आहे हो मेल्याचा.’

आठवं गाणं संपतं. खट्. बटण वर उडतं. कॅसेट उलटायच्या आधी मित्राला सांगून बघा: ‘हा गाणारा आहे ना, हा पाचगणीला शिकलाय.’

‘कोण? हा?’

‘हो. पारशी आहे. फरोख बलसारा त्याचं नाव.’

‘फेकू नकोस, लेका. पाचगणीला स्ट्रॉबेरी होते.’

पुरावा द्यायला तुमच्याकडे काही नाही. मोबाइल काढून ठेवायला मीच सांगितलं. तेव्हा कॅसेट अशीच राहू द्या आणि माझ्याबरोबर घाट चढा.

१९५८. वाईहून पसरणीच्या घाटाने बस वर येते. अजून महाराष्ट्र नावाचं राज्य नाही. सातारा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आहे आणि लोक त्यावर संतापलेले आहेत. गेल्याच वर्षी, ३० नोव्हेंबर १९५७ला, नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची माणसं काळे झेंडे घेऊन वाई आणि पसरणीच्या घाटात उभी राहिली होती. घाट संपला की पाचगणी. सिल्व्हर ओकची उंच झाडं, लाल माती, खाली कृष्णेचं खोरं, आणि एकामागून एक बोर्डिंग शाळा. इथे झेंडेही वेगळे आणि भाषाही वेगळी. सेंट पीटर्सचं फाटक उघडं आहे.

आत टेबल टेनिसच्या टेबलाशी एक सडसडीत मुलगा दिसेल. वय बारा. वरचे दात पुढे आलेले, त्यावरून पोरं त्याला ‘बकी’ म्हणून चिडवतात. हसताना तो ओठ दातांवर ओढून घेतो. झांझिबारला जन्मला, ५ सप्टेंबर १९४६ला. वडील बोमी तिथल्या हायकोर्टात कॅशियर. आडनाव बलसारा, म्हणजे मूळ बलसाडचं घराणं. आठव्या वर्षी बोटीने मुंबईला आणि तिथून या डोंगरावर. मुंबईत मावशी आहे, सुट्ट्या कधी तिच्याकडे जातात. शाळेच्या हेडमास्तरांनी त्याचा कान ओळखला आणि घरी पत्र लिहिलं, थोडे जास्त पैसे भराल तर याला पियानो शिकवू. घरच्यांनी भरले. ‘फरोख’ उच्चारायला जड, म्हणून पोरांनी ‘फ्रेडी’ केलं. ते नाव त्याला लंडनने दिलेलं नाही. साताऱ्याच्या डोंगरावरून तो ते घेऊन गेला.

आज शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. मुलींच्या शाळेतल्या मुली रांगेने आल्यात, त्यांच्यामागे बाई. मंचावर पाच पोरं, बँडचं नाव ‘द हेक्टिक्स’. ड्रमवर व्हिक्टरी राणा, हा पुढे नेपाळच्या सैन्यात जनरल होणार. गिटारवर डेरिक ब्रांच, पुढे इंग्लंडात नट. फरांग इराणी जे वाजवतोय ते जवळ जाऊन बघा: चहाचं रिकामं लाकडी खोकं, त्याला एक दांडा आणि एक तार. हा बास! फरांग पुढे पुण्यात हॉटेल काढील. आणि माइकसमोर उभा राहून गाणारा मुलगा आहे ब्रूस मरे.

फ्रेडी? तो बाजूला, पियानोवर. मागून सूर देतो. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, रेडिओवर जे ऐकलं ते दुसऱ्या दिवशी त्याच्या बोटांत असतं. पण गाणं ब्रूसचं. इतका वेळ तुम्ही ज्या गळ्यासाठी डोंबिवली ते व्ही.टी. हेलपाटा घातलात, तो इथे कोरसमध्ये आहे. मुली ओरडतात त्या ब्रूससाठी. तरी पियानोकडे बघत राहा. पट्ट्यांवर बोटं आपटताना त्या लाजऱ्या मुलाचे दात उघडे पडतात आणि ओठ ओढून घ्यायचं त्याला भान राहत नाही.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते आता बहुतेकांना ठाऊक आहे. शाळा सोडून झांझिबार, जानेवारी १९६४ची तिथली क्रांती, जीव घेऊन लंडन, विमानतळाजवळच्या फेल्टमला छोटं घर, चित्रकलेचं कॉलेज, १९७०मध्ये क्वीन. बलसाराचा मर्क्युरी झाला, आणि मर्क्युरीने पाचगणीबद्दल तोंड उघडलं ते क्वचितच. मुलाखतकारांनी विचारलं की विषय बदलायचा. त्याबद्दल आज त्याला कोणी दोष देतात. सत्तरच्या दशकातल्या लंडनमध्ये सावळ्या माणसाला काय ऐकून घ्यावं लागे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी जरा दमाने घ्यावं.

चला, उतरा घाट. मित्र अजून तसाच बसलाय, बोट बटणावर.

दुसरी बाजू. शेवटाकडे या, सोळावं गाणं. धप्-धप्, टाळी. धप्-धप्, टाळी. मित्राने सकाळची गाडी आठवून तुमच्याकडे बघितलं, बरोबर ना? ‘वुई विल रॉक यू’मध्ये ड्रम नाहीत. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत जुन्या फळ्या सापडल्या, मंडळींनी त्यावर पाय आपटले, टाळ्या वाजवल्या. मग ब्रायन मेने, तो मुळात भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, त्या आवाजाचे पडसाद मोजून मागेपुढे सरकवले. अंतरं त्याने मूळ संख्यांच्या हिशोबाने ठेवली, म्हणजे घुमल्यासारखं वाटणार नाही, हजार माणसं वेगवेगळ्या जागी उभी आहेत असं वाटेल. ज्याला वाद्य घेता येत नाही, तोही यात सामील. पारसिकच्या बोगद्यात हेच चाललं होतं, फरक अंतरांचा; भजनी मंडळींना मूळ संख्या लागल्या नाहीत, गर्दीतल्या जागा होत्या तशा होत्या.

गॅलरीतली दोन लहान पोरं पाय आपटायला लागतात. खालच्या मजल्यावरून काकू ओरडतात, ‘अरे, छत पाडताय का?’ हा या गाण्याचा डोंबिवलीतला पहिला अभिप्राय समजा.

आता मधली वर्षं गुंडाळा. जानेवारी १९९२. तुम्ही चोविसाचे, फोर्टात नोकरी, तिमाही पास. गच्चीवरून गच्चीवर केबलच्या काळ्या वायरी गेल्यात. जिन्याखालचं दुकान तिथेच आहे; वहीच्या जागी आता छापील कॅसेटींची रास, टी-सिरीज आणि व्हीनस. मित्र तुमची वाटच बघतोय. हातात पेपराचं कात्रण, घडी पडून मळलेलं. २४ नोव्हेंबरला फ्रेडी गेला. एड्स झाल्याचं आदल्या दिवशी जाहीर केलं होतं. अंत्यविधी पारशी दस्तुरांनी केले.

‘पारशीच निघाला रे,’ तो म्हणतो. ‘आणि पाचगणीही खरंय. तुला तेव्हा कसं ठाऊक होतं?’

खरं सांगून उपयोग नाही. पुढे ब्रिटनमध्ये त्या पहिल्या संग्रहाच्या सत्तर लाखांवर प्रती खपतील, इतका दुसरा कुठलाच अल्बम तिथे खपणार नाही, हेही सांगू नका. मानपाडा रोडवर भरलेल्या प्रती त्या हिशोबात नाहीत. विषय बदला. तुमच्या साहेबांनी लंडनहून आणलेली कॅसेट काउंटरवर ठेवा: ग्रेटेस्ट हिट्स, भाग दोन. फ्रेडी जायच्या चार आठवडे आधी निघालेला.

दुकानदाराच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्यात, पण बेरीज तशीच, ओठ हलवत.

‘ही साठमध्ये नाही बसायची. सव्वा तासाच्या वर आहे. नव्वद घे.’

‘द्या.’

‘वर तेरा-चौदा मिनिटं उरतील. काय भरू?’

तुम्ही विचारात पडता. मित्रही. ‘राहू द्या मोकळी,’ असं काहीतरी तुम्ही पुटपुटता.

‘मोकळी कशाला? पैसे नव्वदचे देतोयस ना?’ त्याने हात लांब करून मागच्या राशीतून कॅसेट ओढलीसुद्धा. ‘‘साजन’ची दोन गाणी टाकतो. त्याचे वेगळे घेत नाही. परवा ये.’